दिवसाउजेडीच्या गाड्या

शर्टांच्या त्या कारखान्यात कापड बेतणाऱ्या माणसाला मास्तर म्हणायची पद्धत होती. पुढे बेतणारी बाई आली, तरी पद्धत बदलायची तसदी कोणी घेतली नाही. त्यामुळे बत्तीस वर्षं त्या मास्तरच राहिल्या. "मास्तर आल्या", "मास्तर रागावल्या", "मास्तरांना विचारल्याशिवाय कात्रीला हात लावू नका" असं सगळं चालायचं. घरी नवरासुद्धा मास्तरच म्हणायचा. लग्नानंतर पहिल्या आठवड्यात थट्टेत सुरू झालं आणि मग जिभेवर बसलं ते बसलंच.

त्यांचं टेबल हॉलच्या मधोमध होतं, दहा माणसं ओळीने झोपतील एवढं लांब. त्यावर कापडाचे थर अंथरायचे आणि खाकी कागदाचे नमुने वर मांडायचे. पाठ, पुढचे भाग, बाह्या, कॉलर, कफ. मांडायचे असे की बाहीच्या गोलाईत कॉलर शिरली पाहिजे आणि दोन पाठींच्या फटीत कफ. तासन्‌तास नमुने सरकवून झाल्यावर मास्तर खडू उचलायच्या. त्यांना शिकवणारे म्हातारे उस्ताद म्हणायचे, "पोरी, वाया जाते ती चिंधी नाही, आपली अक्कल." मास्तरांच्या टेबलाखालची चिंध्यांची टोपली सगळ्यांत हलकी असायची. त्या टोपलीचा त्यांना जेवढा अभिमान होता, तेवढा स्वतःच्या लेकीच्या मार्कांचाही नसेल.

त्यांचे यजमान शहर-बसवर ड्रायव्हर. गल्लीत त्यांना ड्रायव्हरसाहेब म्हणत. माणूस तसा अबोल, पण बायकोवर आणि स्टिअरिंगवर सारखंच लक्ष. लेक लहान असताना मास्तरांना सकाळची पाळी असे, म्हणून त्यांनी सतत दुपारची ड्यूटी मागून घेतली. सगळ्यांना नकोशी, गर्दीची, घामाची. सकाळी लेकीच्या वेण्या तेच घालायचे. त्या वेण्या दोन्ही बाजूंना कधी सारख्या झाल्या नाहीत, पण मास्तरांनी त्यात कधी दुरुस्ती केली नाही. असल्या गोष्टींबद्दल नवऱ्याचे आभार मानायची आपल्याकडे रीत नाही. पण मास्तरांच्या मनात ते साचलेलं होतं, आणि कशातून तरी बाहेर यायची वाट बघत होतं.

साठीनंतर मिळालेली मुदतवाढ संपायला वर्ष असताना ड्रायव्हरसाहेबांच्या डोळ्यांची तपासणी झाली. अंधाऱ्या खोलीत यंत्रापुढे बसायचं, कडेला ठिपका चमकला की बटण दाबायचं. ते बसून राहिले. बटणाचा आवाजच येईना. बाहेर आल्यावर म्हणाले, "यंत्र बिघडलंय बहुतेक. ठिपके फार कमी आले."

यंत्र ठणठणीत होतं. काचबिंदू होता. डॉक्टरीणबाईंनी कागदावर गोल काढून त्याच्या कडा काळ्या केल्या. "समोरचं दिसतंय, कडेचं गेलंय. गेलं ते परत येणार नाही. राहिलंय ते औषधाने आणि ऑपरेशनने टिकवू." ऑपरेशनची तारीख दोन महिन्यांनंतरची मिळाली. त्यानंतर बरेच महिने तपासण्या, धूळ नको, प्रवास नको. "कुठे जायचं मनात असेल तर आत्ता जाऊन या," असंही त्या सहज बोलून गेल्या.

बस चालवणं त्याच दिवशी सुटलं. संध्याकाळी लेकीचा दूरच्या शहरातून फोन आला. तिने विचारलं, "बाबा, काय बघायचंय तुम्हाला? मनापासून सांगा."

ड्रायव्हरसाहेब म्हणाले, "एकतीस वर्षं समोर बघत आलो गं. एकदा दुसऱ्या कोणीतरी गाडी चालवावी आणि मी खिडकीला बसावं. डोंगर असले तर उत्तम."

बस्स. एवढं वाक्य. त्यावरून लेकीने युरोपची आगगाडी काढली. तिकडे एकच पास काढून देशामागून देश रेल्वेने फिरता येतात, आल्प्ससारखे डोंगर आहेत, दोघांनाही झेपेल. आयुष्यभर दोघांनी हातचं राखूनच संसार केला होता, त्यामुळे खर्चाचा प्रश्न नव्हता. वेळेचा होता. व्हिसाला लागणारे दिवस वगळून ऑपरेशनच्या तारखेपासून मागे मोजलं तर हातात तीन आठवडे येत होते.

"आखणी मी करते," मास्तर म्हणाल्या.

त्यांनी ती केली तशी जगात कोणीच केली नसेल. जेवायच्या टेबलावर खाकी कागद अंथरला. त्यावर खडूने एकवीस रकाने आखले, एका दिवसाचा एक. मग प्रत्येक गाडीचा कागदी तुकडा कापला. जेवढे तास, तेवढी लांबी. लेक फोनवरून माहिती पुरवत होती.

"आई, सुटी तिकिटं आधीच काढली तर स्वस्त पडतील. पण ती त्याच गाडीची. गाडी चुकली की तिकीट गेलं."

"आणि पास?"

"महिन्याभरात कुठलेही सात दिवस, नाहीतर दोन महिन्यांत कुठलेही दहा. ज्या दिवशी गाडीत पाय ठेवाल तो दिवस खर्ची पडला. रात्री बारा ते रात्री बारा."

"आणि रात्रीची गाडी? ती तर दोन तारखांत पडते."

"मधे बदलायची नसेल तर चढलात तोच दिवस धरतात."

मास्तरांचे डोळे लकाकले. म्हणजे शेजारचा दिवस फुकट! शिवाय हॉटेलची रात्र वाचली. दुहेरी घडीच्या कापडातून एका कापात दोन बाह्या निघाव्यात, तसलं काम. त्या तुकडे सरकवू लागल्या. आम्सटरडॅमला विमानातून उतरायचं. तिथून दीड तासावर एका जुन्या गिरणीत कापडाचं संग्रहालय आहे, ती मास्तरांची स्वतःची एकमेव मागणी. मग रात्रीच्या गाडीने व्हिएन्ना. तिथून रात्रीच्याच गाडीने व्हेनिस. व्हेनिसहून एका दिवसात झुरिक. मधे पॅरिस, कारण युरोपला जाऊन मनोरा पाहिला नाही म्हटलं तर गल्ली काय म्हणेल. पॅरिसहून परत झुरिक आणि रात्रीच्या गाडीने पुन्हा आम्सटरडॅम. चौथ्या संध्याकाळी सगळं चपखल बसलं. सात दिवसांच्या पासात पाच देश. एक तास वाया नाही.

चष्मा कपाळावर सारून मास्तरांनी हाक मारली, "अहो, या बघू."

ड्रायव्हरसाहेब आले. मान डावीकडून उजवीकडे फिरवत त्यांनी सबंध कागद वाचला. हल्ली त्यांना असंच वाचावं लागे. वाचून झाल्यावर म्हणाले, "वा मास्तर. सुरेख."

"काही बदलायचं?"

"तुम्ही बेतलंत ना? मग झालं."

रविवारी कंडक्टर भाऊजी आले. ड्रायव्हरसाहेबांबरोबर बावीस वर्षं त्यांनी एकाच बसवर काढली होती. हे पुढे, ते मागे, मधे एक घंटीची दोरी. दोघांचं आयुष्यभराचं संभाषण त्या दोरीवरच झालेलं. एकदा ओढली की थांब, दोनदा ओढली की चल. एरवी मात्र भाऊजींचं तोंड म्हणजे उतारावरची गाडी.

"पास काढताय म्हणे! अहो वहिनी, पासाच्या बाबतीत आम्हाला विचारायचं. विद्यार्थ्यांचे, ज्येष्ठांचे, मेलेल्या आजोबांचे, सगळे पास या हातांनी तपासलेत."

"मग तपासा," म्हणत मास्तरांनी कागद पुढे केला. चहा ठेवायला वळल्या त्या मुद्दाम सावकाश, कौतुक ऐकायला यावं म्हणून.

"साठीच्या वरच्यांना सवलत आहे ना? घेतलीत? शाब्बास. म्हातारपणाचा पहिला नफा." भाऊजींचं बोट कागदावरून सरकत होतं. "ही गाडी संध्याकाळी सातला सुटते. बरं. पोचते सकाळी नऊला. बरं. ही पण रात्रीची. आणि ही पण..." बोट थांबलं. "वहिनी, डोंगर कधी बघायचे?"

"म्हणजे?"

"म्हणजे व्हिएन्नाहून व्हेनिसला जाताना आल्प्स लागतात, असं तुमच्या लेकीने इथे लिहिलंय. तिथून तुम्ही रात्री दोनला जाताय. स्वप्नात बघायचे काय?"

"दिवसाची एक आहे की. व्हेनिस ते झुरिक. तीही डोंगरातूनच जाते."

"डोंगरातून म्हणजे डोंगराच्या आतून! हे वाचा. सत्तावन्न किलोमीटरचा बोगदा." भाऊजी हसायला लागले. "काय आखणी आहे! रात्री अंधार म्हणून दिसायचं नाही, दिवसा बोगदा म्हणून दिसायचं नाही. अहो, ह्याला घेऊन जायचंच कशाला? इथेच कपाटात बसवा तीन आठवडे आणि बाहेरून शिट्टी वाजवा!"

स्वतःच्याच विनोदावर ते हसत राहिले. मग लक्षात आलं, की दुसरं कोणी हसत नाहीये.

"मला गाडीत झोप छान लागते," ड्रायव्हरसाहेब घाईघाईने म्हणाले. "रात्रीचंच बरं. दिवसा ऊन येतं डोळ्यांवर."

थापा मारायची सवय नसलेल्या माणसाची थाप होती ती. मास्तरांनी नवऱ्याकडे पाहिलं. "तुम्हाला त्या दिवशीच कळलं होतं."

त्यांनी कागदाची दुमडलेली कड बोटाने सरळ केली.

"आणि तुम्ही वा मास्तर म्हणालात."

"काय म्हणणार? डोळ्यांचं कळल्यापासून तुम्ही नीट जेवत नव्हता. हे कागद अंथरलेत तेव्हापासून गुणगुणायला लागलात. ते कशाला मोडू?"

मास्तर आत गेल्या. चहा उतू जाऊन गॅस विझला होता. त्यांनी ओटा पुसला, आणि पुसता पुसता तिशीतल्या एका दुपारचं ऊन त्यांच्या समोर आलं. लहान मुलींच्या फ्रॉकचं काम आलं होतं, कापडावर उडणारी पाखरं. मास्तर नवख्या. त्यांनी नमुने उलटसुलट फिरवून असे गच्च बसवले की मीटरभर कापड वाचलं. सहा डझन फ्रॉक शिवून झाले आणि मग दिसलं, निम्म्यांवरची पाखरं पाय वर करून डोक्यावर पडत होती. मालक लालबुंद होऊन आला. तेव्हा उस्ताद पुढे झाले आणि म्हणाले, "नमुने मी तपासले होते." तपासले नव्हते. नंतर त्यांनी एवढंच सांगितलं, "साध्या कापडाला बचत शोभते. चित्राच्या कापडाला आधी पूर्ण उलगडायचं आणि विचारायचं, बाबा रे, तुझं डोकं कुठे?" बिचारे त्या महिन्यात मालकाच्या शिव्या खाऊन बसले, पण पुन्हा कधी तो विषय काढला नाही. वीस वर्षं झाली त्यांना जाऊन. मास्तरांना त्या क्षणी त्यांच्या पायावर डोकं ठेवावंसं वाटलं.

नवऱ्याने एवढंच मागितलं होतं, की खिडकीला बसायचंय. त्या एका वाक्याला डोकं होतं, पाय होते, आणि आपण ते साधं कापड समजून उलटसुलट बेतलं.

नवा चहा घेऊन त्या बाहेर आल्या. भाऊजी चपला शोधत होते. "वहिनी, मी जरा जास्तच..."

"बसा. कुठे चाललात? पास तपासून निम्म्यात सोडतात का?" मास्तरांनी कागद पालथा केला, कोरी बाजू वर घेतली आणि खडू उचलला. "आता दिवसाउजेडीच्या गाड्या तेवढ्या सांगा."

दुपारभर तिघांची डोकी त्या कागदावर होती, आणि चौथं फोनवर. दिवसाउजेडी जायचं म्हटल्यावर प्रवासाचे दिवस वाढले. सात पुरेनात. दहाचा पास घ्यायचा ठरला. त्यात भाऊजींनी एक खोच काढली.

"ही जलद गाडी बघा. पास असला तरी जागा वेगळी राखून घ्यावी लागते, आणि खिडकीच मिळेल याची खात्री नाही. एवढा प्रपंच करून मधल्या जागेवर बसून लोकांच्या कोपरांचं दर्शन घेणार का?"

"मग?"

"धीम्या गाड्या. डोंगरातल्या बहुतेक गाड्यांना राखीव जागेची सक्ती नाही. पास दाखवा, चढा, रिकामी खिडकी बघा आणि बसा. आणि इथे बघा, बोगदा टाळून डोंगरावरून जाणारी जुनी वाट आहे. त्यावर धीमी गाडी जाते."

"धीम्या गाड्यांनी गेलं तर पाच देश बसत नाहीत," फोनमधून लेक म्हणाली. "काहीतरी गाळावं लागेल."

मास्तरांनी गिरणीच्या संग्रहालयाचा तुकडा उचलला.

"तो खाली ठेवा," ड्रायव्हरसाहेब म्हणाले. आवाज एवढा करारी होता की भाऊजींनी मान वर केली. "बत्तीस वर्षं कापड कापलंत, ते विणतात कसं ते एकदा बघायचंय म्हणालात. ते राहणार."

"अहो, पण..."

"मास्तर, माझ्या डोळ्यांना झालंय, तुमच्या नाही. तो तुकडा ठेवा."

मास्तरांनी ठेवला. मग दोघांनी मिळून पॅरिसकडे पाहिलं.

"मनोरा?" लेकीने विचारलं.

"औषधाच्या दुकानाने दिलेल्या कॅलेंडरवर आहे," ड्रायव्हरसाहेब म्हणाले. "रोज बघतो. छान आहे."

पॅरिस गळलं. त्यापाठोपाठ व्हिएन्नाही गळलं. हॉलंड, जर्मनी, स्वित्झर्लंड आणि इटलीचा एक कोपरा उरला. येताना तो जुना घाट. दोन दिवस मास्तरांनी कोरेच ठेवले. भाऊजींनी विचारलं, "हे काय? हे रिकामे?" तर म्हणाल्या, "असू देत. कापडाच्या काठालासुद्धा आपण दोन बोटं सोडतोच." सात वाजता लेकीने पास काढला आणि दोघांच्या फोनवर पाठवला. मास्तरांच्या आयुष्यातलं ते सगळ्यांत उधळं बेतणं, आणि त्या रात्री त्यांना गाढ झोप लागली.

तिकडे पोचल्यावर आधी गिरणी पाहिली. एका मागावर बसलेल्या बाईने मास्तरांच्या हाती धोटा दिला आणि दोन ओळी विणूही दिल्या, त्याचा फोटो आहे. नदीकाठाने जाणाऱ्या गाडीत ड्रायव्हरसाहेब चार तास खिडकीबाहेर बघत बसले. पण खरी गोष्ट घडली ती चौदाव्या दिवशी, घाटात.

इटलीच्या बाजूने गाडी चढून आली होती. डबा अर्धा रिकामा. तपासनीस बाईंनी पास बघितला आणि सावकाश इंग्रजीत सांगितलं, की आता उतार लागेल आणि एका गावातलं पांढरं चर्च तीन वेळा दिसेल. रूळ डोंगरात गिरक्या घेत उतरतात, म्हणून तेच चर्च आधी खाली दिसतं, मग समोर, मग वर. कधी या बाजूला, कधी त्या.

ड्रायव्हरसाहेब सरसावून बसले. चर्च खाली दिसलं. "ते बघा!" मास्तर म्हणाल्या. त्यांनी बघितलं. बोगदा आला, गेला. "आता इकडून!" त्यांनी मान वळवेपर्यंत झाडं आली. पुन्हा बोगदा. "वर, वर!" त्यांची नजर शोधत शोधत वर पोचली, तोवर एक भिंत आडवी आली होती. कडेचं दिसणाऱ्या माणसाला डोळ्याच्या कोपऱ्यातून आधीच सूचना मिळते. त्यांना ती मिळत नव्हती.

"एक तरी दिसलं," ते म्हणाले. हसून म्हणाले, पण हात मांडीवर घट्ट मिटलेला होता.

मास्तरांनी घड्याळ पाहिलं नाही. पर्स उचलली. "उतरा."

"झुरिक कुठे आलंय?"

"उतरा म्हणते ना. पास आहे आपल्याकडे. आजचा दिवस तसाही खर्ची पडला. आता रात्री बारापर्यंत याच गाडीने वरखाली केलं तरी कोण विचारतंय!"

पुढच्या स्टेशनवर दोघं उतरले. पूल ओलांडून पलीकडच्या फलाटावर गेले आणि वर जाणाऱ्या गाडीत बसले. चढताना चर्च आधी वर दिसायचं होतं. या खेपेला मास्तर खिडकीला नाक लावून बसल्या नाहीत. त्या मधल्या वाटेत उभ्या राहिल्या, दोन्ही हात नवऱ्याच्या खांद्यांवर ठेवून. बोगदा संपत आला की ज्या बाजूला चर्च येणार, त्या बाजूचा खांदा आधीच दाबायचा. पहिल्या वेळी बाजू चुकली. पुढची दोन दिसली.

"दोन!" ड्रायव्हरसाहेब म्हणाले.

"परत?"

"परत."

वरच्या स्टेशनावर अर्धा तास थांबावं लागलं. थंडी होती. बाकावर बसून त्यांनी पाव आणि सफरचंद खाल्लं. मास्तरांनी खडूऐवजी बोटाने बाकावर रुळाच्या गिरक्या काढल्या आणि कुठून कुठे, ते दोघांनी पाठ केलं. उतारावरच्या गाडीत आता तरुण तपासनीस होता. त्याने फोनमधल्या पासावर आजच्या गाड्यांची यादी पाहिली. खाली, वर, पुन्हा खाली. काळजीने विचारलं, "तुम्ही चुकलात का? कुठे जायचंय?"

"चुकलो नाही," ड्रायव्हरसाहेब मोडक्या इंग्रजीत म्हणाले. "एक चर्च राहिलंय."

तो खळखळून हसला. पुढच्या डब्यात जायच्या ऐवजी तिथेच दांड्याला टेकून थांबला. गाडी वळली. मास्तरांनी उजवा खांदा दाबला.

"एक."

अंधार. उजेड. डावा खांदा.

"दोन."

पुन्हा अंधार, या वेळी लांबलचक. मास्तरांचा हात खांद्यावर तसाच. उजेड आला, त्यांनी दाबायच्या आधीच ड्रायव्हरसाहेबांची मान वर गेली. पांढरं चर्च डोंगराच्या अंगावर अलगद उभं होतं, उन्हात, आणि चांगलं पाच-सहा सेकंद कुठेही गेलं नाही.

तपासनीसाने टाळी वाजवली. ड्रायव्हरसाहेब चर्च दिसेनासं झाल्यावरही बघत राहिले. मग खांद्यावरच्या हातावर आपला हात ठेवून म्हणाले, "मास्तर, बसा आता. पाय दुखले असतील."

मास्तर समोरच्या खिडकीला बसल्या. गाडी नदीच्या बाजूने खाली धावत होती, आणि झुरिक यायला अजून बराच दिवस शिल्लक होता.